छोट्या संगणकाच्या पोटात

शाळेच्या कार्यालयातला छोटा संगणक भरला, तेव्हा "जुने काही पुसून टाका" असा सोपा उपाय पुढे आला. पण जुने म्हणजे काय? गणेशोत्सवातली नाटके, निवृत्त बाईंनी म्हटलेल्या ओव्या, जुन्या हजेरीपटांची छायाचित्रे. आपल्या इंदुरात मराठी कशी बोलली जात होती, याचा हा पुरावा. तो पुसण्यापेक्षा मी जागा वाढवायचे ठरवले.

पेटी लहान. साडेतीन इंची हार्ड डिस्कला एकच खण, तोही भरलेला. सीडी ड्राइव्ह मात्र कोणी वापरत नव्हते. ती काढली, जाडी ९.५ मिलिमीटर की १२.७ हे मोजले आणि त्याच मापाच्या चौकटीत अडीच इंची एसएसडी बसवली. मोठ्या डिस्कला १२ व्होल्टही लागतात, हिला ५ पुरतात. छोट्या पॉवर सप्लायवर ताण येत नाही. मदरबोर्डवर एम.२ची जागा रिकामी होती. तिथे साटा चालते की एनव्हीएमई, हे पुस्तिकेत पाहूनच दुसरी एसएसडी आणली. काम करताना वायर काढलेली हवी आणि आधी पेटीच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

विद्यार्थी मित्रांनो, १ टीबीच्या डिस्कवर विंडोज सुमारे ९३१ जीबी दाखवते. ती फसवणूक नव्हे. कंपनी हजारांनी मोजते, विंडोज १०२४ने.

मात्र एकाच पेटीतल्या दोन प्रती म्हणजे सुरक्षितता नव्हे. विजेचा झटका बसला तर दोन्ही जातील. म्हणून तिसरी प्रत शाळेबाहेर ठेवली आहे. तुमच्या घरी आजीचा आवाज कुठे साठवलेला असेल, तर त्याचीही प्रत आजच करा.