तुरीच्या दाण्याएवढा मंगळ

आमच्या भागात शेतीची लाईट आठवडाभर दिवसा असते, आठवडाभर रात्री. त्यामुळं उसाला पाणी पाजता पाजता चाळीस वर्षं मी आभाळ बघत आलोय. दारं धरायला गेलं की एक सरी भरेपर्यंत दुसरं काम नसतं. खोरं टेकायचं आणि वर बघायचं. वडिलांनी शिकवलेली नावं तेवढी ठाऊक होती. बाजलं आणि तीन चोर, तिकांडं, आणि शुक्राची चांदणी. ज्या महिन्यांत ती पहाटे दिसायची, त्या महिन्यांत ती वर आली की वडील मोट जुंपायचे. ती चांदणी नव्हे, ग्रह आहे, हे मला शाळेच्या पुस्तकात कळलं. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "आसंल. पर येळंवर येती का न्हाई?"

पण आमच्या घराला ग्रहाचा खरा हिसका बसला तो पंचांगातून.

अक्का माझ्याहून दोन वर्षांनी थोरली. 1978 साली तिला शेजारच्या तालुक्यातलं स्थळ आलं. पाहणी झाली, देण्याघेण्याचं ठरलं, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. मुलगा अक्काला आवडला होता. तिनं कुणाला सांगितलं नाही, पण त्या आठ दिवसांत दळताना ती ओव्या म्हणायची, त्याआधी कधी म्हणत नव्हती. मग त्यांचा निरोप आला, मुलीला कडक मंगळ आहे. पत्रिका परत आणायला वडिलांनी मला पाठवलं. घरात दहावी पास झालेला पहिला मीच. मंगळ म्हणजे काय हे भूगोलात वाचलेलं होतं. मी त्यांच्या सोप्यात बसून चहा प्यालो, पत्रिका खिशात घातली आणि परत आलो. एक शब्द बोललो नाही. पुढं चार वर्षं स्थळं आली आणि गेली. शेवटी अक्काला दोन पोरांच्या बापाला दिली. बिजवर. माणूस वाईट नव्हता, पण अक्काच्या ओव्या परत कधी ऐकल्या नाहीत.

एवढं बघून माणूस शहाणा व्हावा. 2006 साली माझ्या मुलाचं लग्न जमवायला घेतलं. एक मुलगी सगळ्यांना पसंत पडली. पत्रिका मागितली, मंगळ निघाला, आम्ही नको म्हणून कळवलं. अक्का तेव्हा माहेरी आली होती. सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं आणि मान वर केली नाही. त्याच वर्षी जगातल्या शास्त्रज्ञांनी प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढलं, ते मी पेपरात वाचलं होतं. आम्ही कुणाला यादीतून काढलं, ते कुठल्या पेपरात येणार?

2020 साली शाळा बंद पडल्या. बारा वर्षांची नात घरातच. तिला सूर्यमाला शिकायची होती. मोबाईलवर चित्र होतं, पण त्यात सगळे ग्रह एका ओळीत, एकमेकांना चिकटलेले. मी म्हटलं, थांब, आपण रानात मांडू. परड्यात जुन्या बैलगाडीचं चाक उभं होतं, साडेचार फुटाचं. तिनं हिशेब केला आणि आम्ही त्या चाकालाच सूर्य केलं.

त्या मापानं बुध म्हणजे ज्वारीचा दाणा, चाकापासून 58 मीटरवर. शुक्र म्हणजे एक गावठी बोर, 108 मीटरवर. आपली पृथ्वीही तसलंच बोर, दीडशे मीटरवर, आमच्या विहिरीपाशी. मंगळ म्हणजे तुरीचा दाणा, 228 मीटरवर, बांधाला. तिथून पुढं बरंच मोकळं रान. गुरू म्हणजे सोललेला मोठा नारळ, पाऊण किलोमीटरवर, ओढ्याच्या पलीकडं. शनी त्याहून जरा लहान नारळ, कड्यासकट, सुमारे दीड किलोमीटरवर. युरेनस आणि नेपच्यून म्हणजे दोन लिंबं, एक तीन किलोमीटरवर आणि दुसरं साडेचार. तिथं शेजारच्या गावाची शीव लागते. नात सायकलवरनं जाऊन लिंबू ठेवून आली. येताना म्हणाली, "आबा, आपली सूर्यमाला म्हणजे नुसती मोकळीच की!"

मग मी तिला खळ्याची गोष्ट सांगितली. मळणीला तिवड्याजवळच्या बैलाचा फेरा लहान आणि कडेच्या बैलाचा लांब. इथं तर कडेचे बैल चालीलाही मंद. बुध 88 दिवसांत फेरा पुरा करतो, शुक्र 225, आपण 365, मंगळ 687. गुरूला बारा वर्षं लागतात, म्हणून तर सिंहस्थ आणि कृष्णाकाठचं कन्यागत बारा वर्षांनी येतं. शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींनी भागलं की एकेका राशीत अडीच वर्षं. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची, अशा तीन धरल्या की साडेसात. एवढीच ती साडेसाती. गणित मला जमलं आणि आयुष्यभराची भीती भागाकारात निघाली, याचं मलाच नवल वाटलं.

नातीनं देवळातल्या नवग्रहांची यादीही काढली. त्यात रवी तारा, सोम उपग्रह. राहू-केतू तर वस्तूच नव्हेत, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते त्या दोन जागा. खरे ग्रह राहिले पाच. आणि ज्याच्यावर उभं राहून आपण ऊस लावतो, तो ग्रह यादीतच नाही.

मेहुणे वारल्यापासून अक्का आमच्याकडंच असते. 21 डिसेंबरला दिवस बुडाल्यावर आम्ही सगळे परड्यात उभे राहिलो. गुरू आणि शनी 1623 नंतर इतके जवळ दिसणार होते. नैर्ऋत्येला खाली दोघं जवळजवळ चिकटलेले दिसले. खरं तर दोघांत सत्तर कोटी किलोमीटरहून जास्त अंतर, फक्त आपल्या नजरेच्या एका रेषेत आलेले. अक्का डोळ्यांवर हात धरून बघत होती. मग तिनं नातीला विचारलं, "ह्यातला मंगळ कुटला गं?"

मी गप्प झालो. नातीला काय ठाऊक. तिनं अक्काची हनुवटी धरून मान वर केली. "तो बघ, अक्काआजी. अर्ध्या चंद्राच्या जरा पूर्वेला, बरोबर डोक्यावर. लुकलुकत नाही तो. तांबडा दिसतोय ना? तिथल्या मातीत लोखंड आहे, ते गंजलंय. पृथ्वीच्या निम्म्या रुंदीचा आहे. आपलं यान गेलंय तिथं, 2014 साली, पहिल्याच फेरीला."

अक्का बराच वेळ वर बघत राहिली. चष्म्यातून नीट दिसेना म्हणून पदरानं काचा पुसल्या, परत बघितलं.

"एवढुसाच हाय की," ती म्हणाली. "चाळीस वरसं ह्याचं नाव ऐकत्येय. त्वांड आज बघितलं."

मला वाटलं, आता ती मला काही बोलेल. त्या सोप्यातल्या चहाबद्दल, खिशातल्या पत्रिकेबद्दल. बेचाळीस वर्षं मी त्याची वाट बघत होतो. काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

ती माझ्याकडं वळली. "ती तांदूळ निवडताना ऐकलेली पोरगी," म्हणाली, "तुम्ही न्हाई म्हणालासा ती. तिचं फुडं कुटं झालं रं?"

मला माहीत नव्हतं. चौदा वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.