वारा कोणासाठी?

देवावर चवऱ्या ढाळण्याची सेवा आपल्या मंदिरांत जुनी आहे. ती देवासमोर उभे राहून करावयाची. रिकाम्या सभामंडपात कोणी चवरी ढाळीत नाही. छताच्या पंख्याचेही मर्म हेच. तो हवा थंड करीत नाही. घाम वाळवून माणसाला गारवा देतो. माणूस नसलेल्या खोलीत तो केवळ वीज खातो.

सुरतेस राहावयास आल्यावर तापीकाठच्या दमट उन्हाळ्यात आम्ही हिशेब मांडला. जुना पंखा सुमारे 75 वॅट, नव्या बीएलडीसी पद्धतीचा तिशीच्या आसपास, आणि दीड टनी वातानुकूलन यंत्र सुमारे दीड हजार! काटकसरीच्या अभिमानाने वैशाखातील एका दुपारी आम्ही वृद्ध मातोश्रींच्या खोलीतही यंत्र लावू दिले नाही. त्यांना घेरी आली. पारा चाळिशीपलीकडे गेला की वारा अंगाची उष्णता नेत नाही, उलट वाढवितो, हे आम्हांस तेव्हा उमगले. मातोश्रींनी तक्रार केली नाही. तेच मनाला अधिक लागले.

आता त्यांच्या खोलीत यंत्र 27 अंशांवर असते आणि सोबतीला पंखा मंद फिरतो, तेवढ्याने भागते. काटकसर आम्ही आमच्या खोलीत करतो.