दोन चमचे पोकळी

पिस्टन वरच्या टोकाला पोहोचला, की त्याचा माथा आणि सिलिंडर हेडचा घुमट यांच्यामध्ये एक लहानशी पोकळी उरते. हवा आणि पेट्रोलचं मिश्रण तिथेच दाबलं जातं, ठिणगीही तिथेच पडते. होंडाची टीआरएक्स ४००ईएक्स ही चार चाकांची वाळूतली गाडी १९९९ साली आली. तिचं इंजिन ३९७ सीसीचं, मूळचं कॉम्प्रेशन ९.१ ला १. गणित मांडलं तर ती पोकळी येते ४९ सीसीची. ११ ला १ चा पिस्टन बसवला की उरते ३९.७. गेलं किती, तर चहाच्या दोन चमच्यांत मावेल एवढं. तेवढ्यासाठी मी हाफ इंजिन, म्हणजे हेड आणि ब्लॉक, खोलते आणि दिवसचे दिवस त्यात रमते.

मी राहते तिथून काही तासांवर, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, अल्गोडोनेसच्या वाळूच्या टेकड्या आहेत. लोक त्यांना ग्लॅमिस म्हणतात. चाळीस मैलांहून लांब पट्टा, थेट मेक्सिकोच्या सीमेपर्यंत. उंच टेकडीचा चढ घेताना अंगठ्याखालचा थ्रॉटल जरा सैल केला, तर वाळू चाकं धरून ठेवते. इंजिनाला पूर्ण ताकदीनेच चढावं लागतं, आणि ही वाळूच त्याला आतून खात असते. एअर फिल्टरच्या फोमला कुठे तेल कमी पडलं, की बारीक धूळ आत शिरते. तिचा कण सिलिंडरच्या लोखंडी लायनरपेक्षा कठीण. पिस्टनच्या रिंगा झिजतात, तेल वर चढतं, सायलेन्सरमधून निळसर धूर दिसू लागतो. मग हेड उतरवायचं, ब्लॉक काढायचा.

माझं लहानपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलं. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, लेथचं छोटं दुकान होतं. सिलिंडरचा बोअर कसा मोजायचा हे मी तिथेच शिकले: वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा आणि उभा. वरच्या रिंगेची धाव जिथे संपते तिथे झिजेने कड तयार होते. अण्णा ती आधी नखाने पाहत, गेज मागून लावत. आज माझ्या गॅरेजमध्ये आकडे दाखवणारं डायल बोअर गेज आहे, तरी पहिल्यांदा मीही नखच फिरवते. बोट ज्या गोष्टीला लागलं ती गोष्ट मग आकड्यातही नीट दिसते.

दाबलं तर जोर वाढतो, हे माणसाला कळायला वेळ लागला. १८६० मध्ये लन्वारने चालवून दाखवलेल्या इंजिनात मिश्रण न दाबताच पेटवलं जाई. ते चाले, पण गॅस फार खाई. १८६२ मध्ये बो द रोशा या फ्रेंच अभियंत्याने पेटवण्याआधी दाबण्याचं तत्त्व लिहून ठेवलं आणि १८७६ मध्ये जर्मनीत निकोलाउस ओटोचं चार स्ट्रोकचं इंजिन फिरलं. पुस्तकी गणितात ९.१ चं कॉम्प्रेशन उष्णतेचा जास्तीत जास्त ५८.७ टक्के भाग कामाला लावू शकतं, तर ११ चं ६१.७ टक्के. खऱ्या इंजिनात दोन्ही आकडे बरेच खाली येतात. तरी तेच पेट्रोल, तीच हवा, आणि केवळ जागा आखडली म्हणून हाती येणारं बळ वाढतं, याचं मला अजून नवल वाटतं.

या बळाची किंमतही असते. मर्यादेपलीकडे दाबलं, की ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण स्वतःहून भडकतं. तो नॉक. धातूवर घाव बसल्यासारखा टणटण आवाज येतो आणि पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डोने कॉम्प्रेशन बदलता येईल असं प्रायोगिक इंजिन बांधून हे दुखणं तपासलं. अमेरिकेत १९२१ मध्ये थॉमस मिजलीने त्यावर उपाय शोधला: पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग. इंजिनं शांत झाली आणि शिसं कितीतरी दशकं रस्त्यावरच्या मुलांच्या रक्तात उतरत राहिलं. भारतभर शिसेविरहित पेट्रोल आलं ते २००० साली. म्हणजे अण्णांच्या दुकानासमोरच्या रस्त्यावर मी खेळले, ती हवा तीच. म्हणून कॉम्प्रेशन वाढवताना मी आधी विचारते, की हा दाब कोण सोसणार आहे? इथल्या पंपावरचं सर्वांत चांगलं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं. ते झेपेल त्याच्या पुढे मी जात नाही.

आणि मग सुरू होतं ते माझं आवडतं काम. एक जागा आखडायची ठरवली, की बाकी सगळ्या जागा जपाव्या लागतात. फोर्ज्ड पिस्टन मजबूत खरा, पण कमी सिलिकॉनच्या मिश्रधातूचा असेल तर तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याच्या नि भिंतीच्या मध्ये जास्त फट लागते. रिंगेची दोन टोकं एकमेकांना भिडता कामा नयेत. दर इंच बोअरमागे साधारण चार थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ८५ मिलिमीटरच्या या बोअरला ०.३४ मिलिमीटर. फट कमी असेल तर टोकावर कानस हलकेच एकाच दिशेने फिरवायची, पुन्हा बोअरमध्ये सरकवून फिलर गेजने पाहायचं. पिस्टनच्या उंच माथ्यावर मऊ मातीची पट्टी लावून इंजिन हाताने फिरवलं, की व्हॉल्व्ह कुठवर खाली येतात त्याचा ठसा मातीत उमटतो. मातीची उरलेली जाडी म्हणजेच मधली जागा. इनटेककडे निदान एक मिलिमीटर, एक्झॉस्टकडे दीड, कारण एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, जास्त लांबतो. शेवटी टॅपेट: इनटेकला एक दशांश मिलिमीटर, एक्झॉस्टला किंचित जास्त.

यातली एकही फट डोळ्यांत भरत नाही. नव्या पिस्टनची चकाकी सगळ्यांना दिसते. तो तापला की फुगणार आहे, हे धरून ठेवलेली जागा कुणाला दिसत नाही. इंजिन टिकतं मात्र तिच्यावर.

सगळं जुळलं की प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडून मी कान लावते. सायलेन्सरमधून सुस्कारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसलेला नाही, कार्बोरेटरमधून आला तर इनटेक, आणि क्रँककेसच्या ब्रीदरमधून आला तर रिंगा. नव्या रिंगांतून थोडी हवा येतेच. त्यांचं खरं बसणं अजून व्हायचं असतं, आणि ते शांत आयडलवर होत नाही, भाराखाली होतं.

कारण रिंगेचा स्वतःचा ताण फार थोडा. ती भिंतीला घट्ट टेकते ती स्फोटामुळे. पेटलेल्या वायूचा दाब खाचेतल्या बारीकशा जागेतून रिंगेच्या मागे जातो आणि तिला बाहेर, भिंतीवर रेटतो. जितका दाब मोठा, तितकी ती घट्ट. ती जागा काजळीने बुजली, तर तोच दाब रिंगेला ओलांडून खाली निसटतो, तेल जाळतो, भिंत ओरबाडतो. परक्या देशात घर, नोकरी, मुलं, लांब राहिलेले आईवडील अशा सगळ्या बाजूंनी आवळलं गेल्यावर मी ओझी कमी करण्याच्या मागे फार लागले नाही. मी दिवसात फटी राखायला शिकले: कुणाचाच नसलेला अर्धा तास, न दिलेलं उत्तर, माझं एकटीचं गॅरेज. दाब त्यांच्यातून माझ्या मागे येतो आणि मला उभं करतो. फट राखणं हा कामातला आळस नाही. माझ्या मते सगळं बळ तिथेच घडतं.