महाम्रीतली साखर

महाम्री हा गोडाचा पदार्थ आहे, असं मोंबासात राहायला आल्यावरही माझं ठाम मत होतं. मैदा, साखर, वेलदोडा, नारळाचं दूध आणि वर तळण. एवढं सगळं असल्यावर मराठी जीभ दुसरा कुठला निवाडा देणार? बाहेर मिळणाऱ्या महाम्री मला मिळमिळीत वाटायच्या. म्हणून घरी करताना साखर वाढवत गेले. पाहुणे कौतुक करायचे. कौतुक करणारे सगळे आपलेच होते, हे मला सोयीचं होतं.

मत फिरलं ते म्बाझीमुळे. म्बाझी म्हणजे तूर, पण डाळ नव्हे, अख्खी. रात्रभर भिजवून मऊ शिजवायची, कांदा, हिरवी मिरची, हळद घालून पातळ नारळदुधात उकळायची, घट्ट दूध अगदी शेवटी. लामूपासून झांझिबारपर्यंत किनाऱ्यावर न्याहारीला महाम्री खातात ती हिच्या जोडीने. शेजारणीने एकदा वाडगाभर म्बाझी पाठवली आणि मी आपली गोडमिट्ट महाम्री तीत बुडवली. दोन्हींची चव गेली. महाम्री आतून पोकळ का हवी, तेही तेव्हाच कळलं. त्या पोकळीत म्बाझी भरायची असते! ही भाकरीच्या जागेवरची वस्तू आहे, शिऱ्याच्या नव्हे.

आता तीन वाट्या मैद्याला मी पाव वाटीच साखर घालते. यीस्ट, कुटलेला वेलदोडा, आणि पाण्याऐवजी कोमट नारळदूध. पीठ भरपूर मळून दुप्पट फुगेपर्यंत झाकून ठेवायचं. पाव इंच जाडीची पोळी लाटून तिचे चार तुकडे करायचे आणि त्यांना पुन्हा थोडा विसावा द्यायचा. तेल चांगलं तापलेलं हवं, तरच आतल्या ओलाव्याची झटकन वाफ होऊन पदर सुटतात. मंद तेलात महाम्री नुसती तेल पिते. झाऱ्याने वरून तेल उडवत राहायचं. साखर जास्त झाली तर यीस्टही मंदावतं आणि आतलं पीठ कच्चं असतानाच वरचा रंग गडद होतो. माझ्या जुन्या महाम्री का बसायच्या, त्याचं उत्तर डब्यातच होतं.

नैरोबीकडे बेकिंग पावडरची, भरीव मंदाझी करतात आणि ती नुसत्या दुधाच्या चहाबरोबर खातात. तिथे साखर सैल हाताने पडली तरी मी काही बोलत नाही. महाम्रीवर पिठीसाखर भुरभुरवणाऱ्यांशी मात्र माझं पटत नाही, आणि पटवून घ्यायची इच्छाही नाही.