उशाशी तांब्या-भांडं

मुंबईहून रात्री सुटलेली कोकणकन्या चिपळूणला थांबते तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो. तिथून गुहागरला आमच्या अंगणात माणसं पोचतात ती उजाडता उजाडता. मान आखडलेली, मुलं खांद्यावर झोपलेली. आम्ही पाय धुवायला पाणी देतो, गूळ-पाणी देतो, पण त्यांचे डोळे अंथरूण शोधत असतात. पाहुण्यांची ती खोली पूर्वेकडची. पहिल्या वर्षी मी तिला झिरझिरीत पांढरे पडदे लावले होते, कारण पोफळींमधून गाळून येणारा उजेड फार सुंदर दिसतो. सात वाजता तोच उजेड थेट उशीवर यायचा. रात्रभर गाडीत अवघडून आलेल्या माणसाला तेव्हा हवा असतो दोन तासांचा काळोख. आता तिथे अस्तर लावलेला जाड सुती पडदा आहे.

हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये मी १८ वर्षं काढली आणि सासरच्या या घरात न्याहारी-निवास चालवतेय त्याला १२ वर्षं झाली. हॉटेलात खोली तपासायची एक शिस्त असते. दारातून शिरायचं, भिंतीला धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरायचं आणि परत दाराशी यायचं, म्हणजे काही सुटत नाही. ती सवय अजून हाडात आहे. पण ही तपासणी उभ्यानं, लख्ख उजेडात होते. पाहुणा त्या खोलीत बहुतेक वेळ आडवा असतो, आणि तोही अंधारात. हे मला इथे आल्यावर कळलं.

पंचाहत्तरीचे एक काका आणि काकू राहायला आले होते. सकाळी मी विचारलं तर काका म्हणाले, “झोप छान लागली हो, वहिनी.” नंतर काकू स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, “पंखा फार लागत होता. बोर्डवर सहा बटणं. एक दाबलं तर दिवाच लागला. मग हे म्हणाले, राहू दे, उगाच कशाला त्यांना उठवायचं.” दोघांनी शाल गुंडाळून रात्र काढली होती. पांघरुणं कपाटात होती, पण दुसऱ्याचं कपाट उघडावं कसं?

तेव्हापासून मी खोलीकडे एकाच नजरेनं बघते. पाहुण्याला सगळ्यात जड जातं ते मागणं. मराठी माणूस दुसऱ्याच्या घरी तहान मारून झोपेल, पण रात्री दोन वाजता पाणी मागणार नाही. म्हणून खोली लावायची म्हणजे त्याला काय काय मागावं लागेल ते आधीच ओळखून तिथे ठेवायचं. माझी आजी उशाशी तांब्या-भांडं ठेवायची, तांब्यावर भांडं पालथं. त्या एका कृतीत माझं सगळं शिक्षण आलं.

आता आमच्याकडे पांघरूण पायथ्याशी घडी घालून ठेवलेलं असतं: एक सोलापुरी चादर आणि वर एक गोधडी. पंख्याच्या बटणाला लाल ठिपका आहे. उशाजवळ हात पोचेल असं एक बटण आणि एक प्लग आहे, कारण फोन उशाशी नसला तर हल्ली माणसाला चैन पडत नाही. पावसात वीज जाते, म्हणून बॅटरी. जुन्या घरात न्हाणीघर एक पायरी खाली असतं. त्या पायरीशी अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा रात्रभर जळतो. पलंग भिंतीला चिकटवलेला नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जागा ठेवली, म्हणजे आत झोपलेल्याला उठताना दुसऱ्याला ओलांडावं लागत नाही. पलंगाची उंची गुडघ्याइतकी असावी, दीड फुटाच्या जरा वर. फार खाली असेल तर म्हाताऱ्या माणसाला उठायला आधार मागावा लागतो, म्हणजे पुन्हा मागणं आलंच.

वासाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण खोलीची पहिली ओळख नाकाला होते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभ्याच्या भिंती तो पितात आणि दसऱ्यापर्यंत सोडत राहतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं असावं, म्हणजे मागून वारा फिरतो. गादीला दोन दिवस कडक ऊन दाखवावं, दोन्ही अंगांनी, आणि ती निवल्यावरच चादर घालावी. कापसाची गादी चार-पाच वर्षांनी पिंजून घ्यावी. उशीत सावरीचा कापूस मिळाला तर उत्तमच. नवी चादर खळीनं कडक असते. ती दोनदा धुतल्याशिवाय पाहुण्याला घालू नये. डांबरगोळ्या तर पांघरुणांत मुळीच नकोत. तो वास रात्रभर नाकाशी राहतो.

बंद बाथरूमला वास येतो तेव्हा लोक सुगंधी फवारे मारतात. खरं कारण जाळीखाली असतं. तिथल्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी साठून राहतं आणि ते गटारातली हवा अडवून धरतं. महिनाभर वापर नसला की ते पाणी आटतं आणि वाट मोकळी होते. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी एक बादली पाणी ओता, वास जाईल. हे मी शेकडो घरांना सांगितलं असेल.

“पण आमच्याकडे वेगळी खोलीच नाही,” असं पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी म्हणतात. हॉलमधल्या दिवाणावरही पाहुणा सुखानं झोपतो. फक्त तो दिवाण रात्री दहानंतर त्याचा असला पाहिजे. टीव्ही बंद, बॅग ठेवायला एक स्टूल, कपडे अडकवायला दोन खुंट्या, टॉवेल हातात. नरकचतुर्दशीला तर आदल्या रात्रीच सांगून टाकावं, पहिली आंघोळ कुणाची, उटणं कुठे, गिझर किती वाजता लावणार. १५ लिटरच्या गिझरला पाणी तापायला पाव तास लागतोच. आपला नंबर कधी हे न कळल्यानं टॉवेल घेऊन अवघडून बसलेले पाहुणे मी पुष्कळ घरांत पाहिले आहेत.

भाऊबीजेला आमच्या वन्सं येतात, त्याच गाडीनं. ही पूर्वेची खोली त्यांची. लग्न होईपर्यंत त्या इथेच झोपत. न्याहारी-निवासासाठी वायरिंग बदललं त्या वर्षी, रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा मी त्यांना पाहिलं. अंधारात त्या दाराच्या डावीकडची भिंत चाचपत होत्या, जिथे पूर्वी बटण होतं. मला त्या काहीच बोलल्या नाहीत. दिवाळी सरल्यावर मी वायरमनला बोलावलं आणि त्याच जागी, त्याच उंचीवर एक बटण बसवून घेतलं. बाकीचे पाहुणे ते वापरत नाहीत. वन्संचा हात आता बरोबर तिथे जातो.