गोन्सालो गार्सिया, पण कोणता?

२०२५च्या जून-जुलैमध्ये अमेरिकेत फुटबॉलचा क्लब विश्वचषक झाला. रेआल माद्रिदचा किलियन एम्बापे पोटाच्या दुखण्याने सुरुवातीचे सामने बाहेर बसला आणि त्याच्या जागी एकवीस वर्षांचा एक नवखा पोरगा मैदानात उतरला. पोराने स्पर्धेत चार गोल केले. युव्हेंटसविरुद्धच्या सामन्यात तर एकुलता एक गोल त्याचाच, तोही डोक्याने मारलेला. स्पर्धेचा ‘गोल्डन बूट’ही त्यालाच मिळाला. जगाने विचारले, हा कोण? नाव निघाले गोन्सालो गार्सिया.

वसईत हे नाव कुणाला नवीन नव्हते. पश्चिमेला रिक्षावाल्याला ‘जी. जी. कॉलेज’ एवढे सांगितले की पुरते. ती दोन अक्षरे म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. बारावीनंतर अर्ज भरणारी कितीतरी मुले हे नाव पहिल्यांदा लिहितात ती प्रवेश अर्जावरच. त्यांतल्या सगळ्यांना या माणसाची कथा ठाऊक असतेच असे नाही, आणि कथा तर माद्रिदवाल्यापेक्षा कितीतरी नाट्यमय आहे.

हा गोन्सालो १५५६-५७च्या सुमारास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेजुइटांच्या हाताखाली शिकला, पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि जपानी भाषा अशी आत्मसात केली की पुढे तीच त्याची खरी कमाई ठरली. जेजुइट संघात मात्र त्याला घेतले नाही. मग पठ्ठ्याने व्यापार केला, बरा पैसा मिळवला, मनिलाला पोचला आणि तिथे फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून दाखल झाला. १५९३मध्ये पेद्रो बाउतिस्ता हे धर्मगुरू जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीला निघाले, तेव्हा दुभाषा म्हणून बरोबर होता तो हा वसईकर. दोन सत्तांच्या मधोमध उभा राहून एकाचे शब्द दुसऱ्याच्या तोंडी घालायचे, हे काम दिसते तितके निरुपद्रवी नसते. १५९६मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले, मालावरून वाद पेटला, आणि हिदेयोशीचा राग मिशनऱ्यांवर निघाला. पकडलेल्यांचे डावे कान कापून त्यांना भर थंडीत नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर गोन्सालोसह सव्वीस जणांना क्रूसावर चढवले. १८६२मध्ये पोप नववे पायस यांनी या सगळ्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच.

गंमत अशी की नावाचा धनी एकच राहत नाही. स्पेनमध्ये गोन्सालो गार्सिया-पेलायो नावाचे गृहस्थ आहेत. सिनेमे काढले, संगीताची निर्मिती केली आणि नव्वदच्या दशकात माद्रिदच्या कॅसिनोला घाम फोडला. रुलेटचे कुठलेच चाक अगदी समतोल नसते, हे त्यांनी हेरले. हजारो फेऱ्यांचे आकडे टिपून कुठले खाने जास्त वेळा लागतात ते काढले आणि सगळे घरदार कामाला लावून पैसा जिंकला. कॅसिनोने कोर्टात खेचले. निकाल त्यांच्याच बाजूने लागला. संताचा नामबंधू जुगाराच्या टेबलावर भेटावा याला काय म्हणायचे!

अर्थात यात योगायोग फारसा नाही. गार्सिया हे स्पेनमधले सर्वांत जास्त लोकांचे आडनाव. खुद्द रेआल माद्रिदमध्येच फ्रान गार्सिया हा बचावपटू आधीपासून होता. नव्या पोराच्या पाठीवर मात्र आडनाव नाही, नुसते ‘गोन्सालो’.

वसईला हा घोळ पोर्तुगीजांनी १५३४ ते १७३९ या दोनशे वर्षांत आणून ठेवला. बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनावे आली आणि वाडीच्या वाडी एकाच आडनावाची झाली. घोन्साल्विस म्हणजे मुळात ‘गोन्सालोचा मुलगा’, फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा; बापाचे नाव आडनावात गोठून बसले आणि बाप कोण ते हरवले. त्यात नातवाला आजोबाचे नाव ठेवायची रीत. मग नंदाखालपासून सांडोरपर्यंत माणूस ओळखायचा तो आळीवरून, बापावरून, धंद्यावरून, नाहीतर कधीतरी चिकटलेल्या टोपणनावावरून.

शिकलेल्या मंडळींचीही यातून सुटका नाही. वसईतले दोन नामवंत लेखक-धर्मगुरू, दोघेही फ्रान्सिस: फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि ‘सामवेदी ख्रिस्ती समाज’ लिहिणारे फादर फ्रान्सिस कोरिया. दिब्रिटो जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे आडनाव तमिळनाडूत चक्क पहिले नाव म्हणून ठेवतात, कारण १६९३मध्ये ओरियूरला मारले गेलेले संत जॉन डी ब्रिटो तिकडे घराघरांत पोचले आहेत. मच्याडो हे आडनाव घ्या. वसईचे बिशप झालेले आर्चबिशप फेलिक्स मच्याडो धर्मशास्त्राचे अभ्यासक. २०१८मध्ये मुंबई सिटीकडून खेळायला आलेला पोर्तोचा मिडफिल्डर पाउलो मच्याडो. आणि ब्राझीलचा थोर कादंबरीकार मच्याडो दि आसिस. तिघांना एका ओळीत बसवणारा धागा आडनावाचा, बाकी काही नाही.

विद्यापीठांना ही अडचण फार जाचू लागली. एकाचा शोधनिबंध दुसऱ्याच्या खात्यावर जमा व्हायला लागला, तेव्हा २०१२पासून ‘ऑर्किड’ नावाची व्यवस्था सुरू झाली. प्रत्येक संशोधकाला सोळा खणांचा क्रमांक. जी. जी. कॉलेजातल्या प्राध्यापकाची गोष्ट तर आणखी मजेची: निबंध कुठल्याही विषयाचा असो, संस्थेच्या जागी गोन्सालो गार्सिया छापलेला असतोच. त्यामुळे इंटरनेटवर हे नाव शोधणाऱ्यासमोर माद्रिदचे गोल, नागासाकीचा क्रूस आणि वसईच्या प्राध्यापकांचे निबंध एकाच ताटात वाढले जातात.

महाराष्ट्र सरकारने वेगळा उपाय काढला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी नोंदीत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. नामसाधर्म्याचा गोंधळ मिटवणे हा काही या निर्णयाचा हेतू नव्हता, पण तो आपोआप बराच मिटेल; चार नावे जुळणारे दोघे एका गावात सापडणे अवघडच. ही पद्धत संत गोन्सालोला लावायला गेले तर दुसरा रकाना मात्र अडतो. चरित्रकारांनी जहाजाचे नाव जपले, टेकडीचे जपले, बापाचे आडनाव तर महाविद्यालयाच्या पाटीपर्यंत आले. आईची ओळख ‘वसईची बाई’ एवढ्यावरच उरकली. आणि तो वसईचा ठरतो तो तिच्यामुळेच. गार्सिया काय, माद्रिदमध्ये हवे तितके मिळतात.