पिवळा डाग, लाल डाग

शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं तर मी घाबरायची नाही. घाबरायची ती साबण लावल्यावर. आई धुण्याच्या दगडावर शर्ट पसरून डागावर साबणाची वडी फिरवायची आणि पिवळा डाग बघता बघता लाल व्हायचा. पाण्यातून दोनदा खळबळून काढला की पुन्हा पिवळा. “मेली हळद, कशी हट्टी!” एवढंच तिचं रसायनशास्त्र. पाय मुरगळला तेव्हा हळद-चुन्याचा लेपही असाच लालबुंद झालेला पाहिला होता. दोन्हींचा काही संबंध असेल, हे मात्र डोक्यात आलं नाही.

अकरावीत ‘केमिकल इक्विलिब्रियम’ भेटलं. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मी, मनातल्या मनात त्याचा ‘समतोल’ करून टाकला आणि तिथेच फसले. समतोल म्हणजे वाण्याचा तराजू : दोन्ही पारडी सारखी, काटा गप्प. चाचणीत बिनदिक्कत लिहिलं, की समतोलाला अभिक्रियाकारकं आणि उत्पादितं निम्मी निम्मी होतात आणि अभिक्रिया थांबते. एका वाक्यात दोन चुका. सरांनी लाल शाईत विचारलं होतं, ‘थांबते? कुणी पाहिलं?’

प्रयोगशाळेत त्यांनी स्पिरिटमध्ये हळद कालवून गाळलेला अर्क परीक्षानळीत घेतला. धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं, लाल. व्हिनेगर टाकलं; पिवळा. मग थेंब थेंब जपून टाकत तो मधेच नारिंगीवर आणून ठेवला.

“आता थांबलंय?”

“हो सर. रंग बदलत नाहीये.”

“रंग बदलत नाही. पण आत जितके पिवळ्याचे लाल होतायत, तितकेच लालचे पिवळे होतायत.”

त्यांनी लोकलच्या डब्याचा दाखला दिला. आमच्या तालुक्याला फक्त एसटी, त्यामुळे तो वायाच गेला. पुढे नोकरीला मुंबईत आले. दादरला जितक्या बायका उतरल्या तितक्याच चढल्या, गर्दी तसूभर हलली नाही, तेव्हा कडीला लोंबकळत असताना सर आठवले.

निम्म्या-निम्म्याचं खूळ जायला आणखी वेळ लागला. ते घालवलं व्हिनेगरनंच. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्लाच्या २०० रेणूंमागे जेमतेम एकाचं विघटन झालेलं असतं, बाकीचे जसेच्या तसे. तरी तो समतोलच! सारखे असतात ते जाण्याचे आणि येण्याचे वेग. कुठल्या पारड्यात किती, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. १८८४ साली डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी अशा समीकरणांतलं ‘बरोबर’चं चिन्ह काढून तिथे दोन उलटसुलट बाण ठेवले. हा धडा शिकवताना आधी ही गोष्ट सांगावी, असं मला वाटतं. त्या ‘बरोबर’नं माझ्यासारख्या कितीजणींना चकवलं असेल!

परवा आईकडे जेवताना माझ्या पांढऱ्या ओढणीवर आमटी सांडली. मोरीत साबण लावला, लाल. मला राहवेना. साबणानं हळदीतल्या पिवळ्या रंगाचा, म्हणजे कर्क्युमिनचा, प्रोटॉन कसा जातो, धुतल्यावर परत कसा येतो, सगळं तिला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“अगं, पण त्यानं डाग जातो का?”

नाही जात. साबण त्याला नुसता इकडून तिकडे ढकलतो. आईनं ओढणी माझ्या हातातून घेतली, पिळली आणि गच्चीतल्या दोरीवर डागाची बाजू उन्हाकडे करून पसरली. उन्हात कर्क्युमिनचा रेणूच मोडतो. तिथे परतीचा बाण नाही. चारच्या सुमारास ओढणी काढायला गेले, तर डाग कुठे होता ते शोधावं लागलं.